फणसवाडी ते यझ्द : इराणी निर्वासितांना मुंबईने दिलेल्या आसऱ्याची कथा

१/
काळबादेवी आणि ठाकुरद्वार यांच्या मधल्या दाटीवाटीत फणसवाडी आहे. केळेवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी या गिरगावातील नावांच्याच कुळातले हे नाव. दक्षिणी धाटणीच्या व्यंकटेश मंदिरामुळे ही वाडी अनेकांना ठाऊक असते. मात्र याच परिसरात, दादीशेठ अग्यारी लेनवर, मुंबईतील पहिले आतश बेहराम उभे आहे. हे मंदिर १७८३ साली प्रतिष्ठापित झाले. छळाच्या भीतीने देश सोडून मुंबईच्या आश्रयाला आलेल्या एका जनसमूहाची कथा येथून सांगता येते. 🧵

२/
आतश बेहराम म्हणजे जरथुष्ट्री धर्मातील सर्वोच्च दर्जाचे अग्निमंदिर. अग्यारीहून त्याचा मान मोठा असतो. संपूर्ण भारतात अशी आठच मंदिरे आहेत आणि त्यांपैकी चार मुंबईत आहेत. दादीशेठ आतश बेहरामाचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की ते कदमी पंथाचे आहे. ‘कदमी’ या शब्दामागे ‘कदीम’, म्हणजे ‘प्राचीन’, हा शब्द आहे. पुढील कथेचा धागा याच शब्दात दडलेला आहे.

३/
जरथुष्ट्री वर्ष ३६५ दिवसांचे. सूर्याच्या गतीशी मेळ राखण्यासाठी काही काळाने एक अधिक महिना धरावा, अशी जुनी समजूत होती. भारतातील पारशांनी मध्ययुगात एकदा असा महिना धरला, इराणातील धर्मबांधवांनी धरला नाही. परिणामी दोघांच्या तारखांत नेमका एका महिन्याचा फरक पडला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात केरमानहून सुरतेला आलेल्या जामास्प विलायती या धर्मपंडिताच्या तो लक्षात आला.

४/
१७४५ साली सुरतेतील काही पारशांनी इराणची कालगणना स्वीकारली. ते कदमी झाले, उरलेले शहेनशाही राहिले. वाद चिघळला. तो मिटवण्यासाठी भडोचचे मुल्ला कावूस १७६८ साली आपल्या लहान मुलाला घेऊन इराणला गेले. यझ्द आणि केरमान येथील धर्मगुरूंना विचारण्यासाठी त्यांच्याजवळ ७८ प्रश्नांची यादी होती. बारा वर्षांनी ते परतले आणि फणसवाडीच्या नव्या आतश बेहरामाचे पहिले मुख्य धर्मगुरू झाले. सोबतचा मुलगा पुढे मुल्ला फिरोज या नावाने फारसीचा मोठा विद्वान म्हणून प्रसिद्ध झाला.

५/
या घटनेचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. १७८३ नंतर मुंबईत एक स्थान असे होते, जेथील तारीख यझ्दच्या तारखेशी जुळत होती. इराणातून येणाऱ्या जरथुष्ट्री माणसाला येथे नवरोज त्याच दिवशी सापडे, ज्या दिवशी तो त्याच्या गावी साजरा होई. शिवाय इराणात बारा वर्षे राहून आलेला धर्मगुरू येथे होता. इराणातील बांधवांची दैना हा मुंबईत केवळ ऐकीव विषय उरला नव्हता.

६/
येथे एक गल्लत दूर करायला हवी. पारशी आणि इराणी हे दोन्ही जरथुष्ट्री, पण त्यांचे आगमन वेगळे. अरब विजयानंतरच्या शतकांत संजाणला उतरलेल्यांचे वंशज ते पारशी. इराणातच मागे राहिलेले आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे भारतात आलेले ते इराणी. दोघांच्या स्थलांतरांत सुमारे हजार वर्षांचे अंतर आहे. दुधात साखर विरघळल्याची सुप्रसिद्ध कथा पारशांच्या आगमनाची आहे. तीही १६०० च्या सुमाराच्या ‘किस्सा-ए-संजाण’ या काव्यात आढळत नाही.

७/
मागे राहिलेल्यांचे जीवन कसे होते? कजार राजवटीपर्यंत इराणातील जरथुष्ट्री मुख्यतः यझ्द आणि केरमान या दोन वाळवंटी शहरांच्या आसपास उरले होते. त्यांना ‘गबर’ असे हिणवले जाई. घोड्यावर बसण्यास त्यांना मनाई होती. गाढवावरून जाताना मुसलमान समोर आला तर खाली उतरावे लागे. कपडे रंगीत नसावेत, मळकट पिवळे असावेत. घर उंच बांधू नये. छत्री वापरू नये. पावसात घराबाहेर पडू नये, कारण त्यांच्या अंगावरून ओघळलेले पाणी इतरांना विटाळते, असे मानले जाई.

८/
याहून जाचक होता वारसाचा नियम. कुटुंबातील एखाद्याने इस्लाम स्वीकारला, तर घरातील इतर वारसांना बाजूला सारून तो सर्व मालमत्तेवर हक्क सांगू शकत असे. मुलींच्या अपहरणाची धास्ती कायमचीच. या सर्वांवर जिझिया कर होता. कर धर्मावरून लावला जात होता, पण छळ वस्त्र, घर, वाहन, बाजार अशा प्रत्येक ठिकाणी माणसाच्या जन्मावर बोट ठेवत होता. धर्म आणि वंश यांची सीमारेषा येथे पुसली गेली होती.

९/
एक गोष्ट न्यायासाठी सांगायलाच हवी. हे निर्बंध सर्व काळी आणि सर्व ठिकाणी सारखे नव्हते. त्यांचा जाच स्थानिक सुभेदार, धर्ममार्तंड आणि गुंड यांच्या मर्जीवर कमीअधिक होई. राजधानीत एक हुकूम निघे आणि यझ्दच्या बाजारात दुसराच चाले. उद्या काय होईल याची शाश्वती नसणे, हेच त्या भीतीचे खरे रूप होते.

१०/
१७९४ साली आगा मोहम्मद खान कजारने केरमान जिंकले. शहराला दिलेली शिक्षा इतकी भयंकर होती, की हजारो पुरुषांचे डोळे काढल्याच्या आठवणी इतिहासात उरल्या. या संहारात मुसलमान आणि जरथुष्ट्री असा भेद नव्हता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७९६ मध्ये, कैखुश्रू यझ्दयार नावाचा जरथुष्ट्री गृहस्थ आपली मुलगी गुलेस्तान हिला घेऊन इराणातून निसटला. मुलीला पळवून नेले जाण्याचा धोका समोर उभा होता. बापलेक मुंबईला पोहोचली.

११/
त्या काळी मुंबई बंदरात कोणी पारपत्र मागत नसे. ‘निर्वासित’ हा कायदेशीर दर्जाच अस्तित्वात नव्हता. नवागताला लागे तो आपल्यासाठी शब्द टाकणारा माणूस. कैखुश्रूच्या कुटुंबाला मुंबईच्या पारशी समाजात असा आसरा मिळाला. पुढे गुलेस्तानचे लग्न फ्रामजी भिकाजी पांडे या पारशी व्यापाऱ्याशी झाले. इराणहून येणाऱ्या प्रत्येक गांजलेल्या माणसासाठी फ्रामजींचे दार उघडे राहू लागले.

१२/
गुलेस्तानबाईंची मुले आईच्या पलायनाची कथा ऐकतच मोठी झाली असतील. त्यांनी पुढे जे केले त्यावरून तसे म्हणता येते. थोरले बुर्जोरजी यांनी १८३४ मध्ये इराणी निर्वासितांच्या मदतीसाठी निधी उभारला. त्यांचे धाकटे बंधू मेहरवानजी यांच्या पुढाकाराने १८५४ मध्ये मुंबईत एक संस्था स्थापन झाली. इराणातील जरथुष्ट्रींची स्थिती सुधारणे हा तिचा हेतू होता.

१३/
या दोन तारखांमधील फरक महत्त्वाचा आहे. १८३४ चा निधी मुंबईत पोहोचलेल्यांसाठी होता. १८५४ ची संस्था मुंबईपर्यंत पोहोचू न शकलेल्यांसाठी होती. आश्रय दिल्याने एका कुटुंबाची भीती संपते, पण ज्या व्यवस्थेतून ती जन्मली ती व्यवस्था तशीच राहते. पांडे कुटुंबाने दुसऱ्या प्रश्नाला हात घातला. एका निर्वासित मुलीच्या मुलाने, ती जेथून पळाली तेथे माणूस पाठवण्याचे ठरवले.

१४/
तो माणूस म्हणजे माणेकजी लिमजी हातरिया. जन्म १८१३, सुरतेजवळचा. लहान वयातच व्यापारी दलालीत पडलेला, सिंध आणि वायव्येकडील प्रवासात मुरलेला, अनेक भाषा बोलणारा. ३१ मार्च १८५४ रोजी त्याने मुंबई सोडली. सोबत संस्थेचे अधिकारपत्र आणि पैसा होता. तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. मधला एक मोठा मुक्काम वगळता उरलेले सारे आयुष्य त्याने इराणातच घालवले.

१५/
माणेकजीने प्रथम मोजणी केली. यझ्द आणि आसपासच्या गावांत साडेसहा हजारांच्या थोडे वर जरथुष्ट्री उरले होते. केरमानमध्ये काही शे, तेहरानमध्ये जेमतेम ५०. एके काळी साम्राज्याचा धर्म असलेल्या समाजाची ही शिल्लक होती. त्याने जिझियाची रक्कम, प्रत्यक्ष होणारी वसुली, अपहरणे, सक्तीची धर्मांतरे आणि लुटी यांची नोंद घेतली व मुंबईला कळवली. १८६५ मध्ये त्याचा इराणविषयक वृत्तान्त गुजरातीत मुंबईला छापला गेला.

१६/
आज आश्रय मागणाऱ्या माणसाला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. आपल्याला भीती वाटते, आणि त्या भीतीला आधार आहे. पहिली गोष्ट माणूस स्वतः सांगू शकतो. दुसरीसाठी त्याच्या देशातील परिस्थितीची साक्ष लागते, आणि पळून आलेल्या माणसाजवळ नेमकी तीच नसते. माणेकजीचे कागद ही अशी साक्ष होती. मुंबईत येणाऱ्या प्रत्येक इराण्याचे गाऱ्हाणे त्यामुळे एकाकी राहिले नाही.

१७/
नोंदी घेऊन तो थांबला नाही. यझ्द व केरमान येथील आतश बेहरामांची त्याने दुरुस्ती केली. शाळा काढल्या, पुढे तेहरानमध्ये वसतिगृहाची सोय असलेली शाळा सुरू केली. गरीब मुलींच्या लग्नांसाठी मुंबईहून पैसा मिळवला. ज्या समाजात मुली पळवल्या जात होत्या, तेथे हा खर्च दानधर्मापेक्षा संरक्षणाचाच होता. समाजाचे व्यवहार चालवण्यासाठी त्याने अंजुमनांची, म्हणजे पंचायतींची, घडी बसवली.

१८/
मुख्य लढा जिझियाचा होता. कर समाजावर ठोक रकमेने बसवलेला असे. लोक मेले, पळाले किंवा धर्मांतरित झाले तरी रक्कम तीच राही, आणि उरलेल्यांचा वाटा वाढे. त्यावर स्थानिक अधिकारी स्वतःसाठी वेगळे उकळत. देता न येणाऱ्यांना मारहाण होई. त्यामुळे मुंबईच्या संस्थेने निधी उभारला आणि त्याच्या व्याजातून हा कर स्वतः भरायला सुरुवात केली. दारोदार होणारी वसुली त्यामुळे टळू लागली.

१९/
ब्रिटिश वकील हेन्री रॉलिन्सन यांच्या मदतीने माणेकजीने नासिरुद्दीन शाहची भेट मिळवली आणि यझ्द-केरमानची कैफियत मांडली. फळ काय मिळाले? ९२० तोमानांपैकी १०० तोमानांची सूट. इतक्या वर्षांच्या खटपटीनंतर ही सवलत क्षुल्लक वाटते. पण शाहने गाऱ्हाणे ऐकून घेतले होते, म्हणजे अन्याय आहे हे दरबारात एकदा मान्य झाले होते. माणेकजीने त्या फटीत पाय रोवला.

२०/
१८७० ते १८७२ या काळात इराणात भीषण दुष्काळ पडला. सर्वच धर्मांचे लोक मेले. पण ज्यांना एरवीही बाजारात मोकळेपणी व्यापार करता येत नव्हता, त्यांच्यापाशी तग धरण्याचे साधनच नव्हते. यझ्दहून मुंबईकडे येणारा ओघ वाढला. बंदर अब्बासपर्यंत काफिल्याबरोबर उन्हातून दीर्घ चाल आणि पुढे समुद्र. छळापासून पळालेला आणि भुकेपासून पळालेला यांत फरक करणे त्या वाटेवर कोणाला शक्य नव्हते.

२१/
१८७३ मध्ये शाह इंग्लंडला गेला. तेथे पारशी शिष्टमंडळाने त्याची भेट घेऊन निवेदन दिले. त्यात दादाभाई नौरोजी आणि नौरोजी फर्दुनजी होते. भारताच्या दारिद्र्याचा हिशेब इंग्रजांपुढे मांडणारे दादाभाई येथे दुसऱ्या एका सम्राटापुढे दुसऱ्या एका करावर बोलत होते. मेहरवानजी पांडे यांच्यानंतर संस्थेची धुरा दिनशा माणेकजी पेटिट यांच्याकडे आली. मुंबईहून अर्ज, निवेदने आणि पैसा यांचा ओघ थांबला नाही.

२२/
अखेर १८८२ मध्ये नासिरुद्दीन शाहने फर्मान काढून जरथुष्ट्रींवरील जिझिया रद्द केला. माणेकजी मुंबईहून निघाला त्याला तेव्हा २८ वर्षे झाली होती. मुंबईच्या पारशांचा या कामी लाखाहून अधिक रुपये खर्च झाला होता. १८९० मध्ये माणेकजी तेहरानमध्येच वारला. ज्यांच्यासाठी तो गेला होता, त्यांच्याच मातीत त्याचा शेवट झाला.

२३/
मात्र फर्मानाने कर गेला, तरी रूढी गेल्या नाहीत. १८८८ मध्ये यझ्दला गेलेल्या एडवर्ड ब्राउन या इंग्रज अभ्यासकाला जरथुष्ट्रींच्या अंगावर तेच मळकट पिवळे कपडे दिसले. खरा बदल पुढे आला. १९०६ च्या घटनात्मक क्रांतीनंतर इराणच्या पहिल्या संसदेत अरबाब जमशीद हे जरथुष्ट्री प्रतिनिधी बसले. पण १९०७ मध्ये यझ्दमधील परवेझ शाहजहान या जरथुष्ट्री व्यापाऱ्याचा खून झाला. त्यामुळे मुंबईकडे येणारी वाट चालूच राहिली.

२४/
मुंबईत आलेल्यांचे पुढे काय झाले? सर्वांचे भाग्य गुलेस्तानसारखे नव्हते. अनेक इराणी पारशांच्याच घरी नोकर म्हणून राहिले. गिरण्या आणि गलबते यांवर श्रीमंत झालेले पारशी आणि खेड्यातून आलेले, वेगळी बोली बोलणारे इराणी यांच्यांत धर्म एक असूनही वर्गाची भिंत होती. आसरा देणाऱ्याच्या मनात आश्रिताविषयी एक उंचीचा भाव असतो. मुंबईही त्याला अपवाद नव्हती.

२५/
ती भिंत इराण्यांनी चहाच्या पेल्याने थोडी थोडी खचवली. फणसवाडीहून चालत जाण्याच्या अंतरावर, धोबी तलावाला, १९०४ चे कयानी आहे आणि १९१३ चे ससानियन. ससानियन हे इराणच्या शेवटच्या जरथुष्ट्री राजघराण्याचे नाव. सातव्या शतकात बुडालेले ते साम्राज्य मुंबईत पावाच्या भट्टीवर पाटी होऊन उरले. सर्व इराणी हॉटेलवाले निर्वासित नव्हते आणि सर्व जरथुष्ट्रीही नव्हते. काही केवळ पोटासाठी आले, काही शिया मुसलमान होते. तरी ब्रुन मस्क्याच्या त्या टेबलांमागे यझ्दची वाट आहेच.

२६/
कायद्याने त्यांना स्थान मिळाले ते वेगळ्याच खटल्यात. रतनजी दादाभाई टाटा यांच्या फ्रेंच पत्नीने जरथुष्ट्री धर्म स्वीकारला. पंचायतीच्या धर्मादाय निधींवर आणि मंदिरांवर अशांचा हक्क आहे काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. १९०८ च्या निकालात न्या. दावर यांनी ‘पारशी’ कोण हे सांगितले. मूळ स्थलांतरितांचे जरथुष्ट्री वंशज त्यात आले, आणि इराणहून भारतात येणारे जरथुष्ट्री इराणीही आले, मग ते कायमचे येवोत वा तात्पुरते.

२७/
या निकालाला दुसरी बाजूही आहे. बाहेरून धर्म स्वीकारणाऱ्यांसाठी त्याने दार जवळजवळ बंद केले. वंशाच्या आधारावर रेषा आखली आणि इराणी त्या रेषेच्या आत आले. इराणात ज्या जन्मामुळे माणूस छळला जात होता, त्याच जन्माने मुंबईत त्याला हक्क मिळवून दिला. जन्मावर आधारलेले संरक्षण ज्यांना मिळते त्यांच्यासाठी वरदान असते. ज्यांचा जन्म दुसरीकडे झाला, ते त्याच उंबरठ्याबाहेर राहतात.

२८/
हा पेच सोडवण्याचा प्रयत्न जगाने १९५१ मध्ये केला. जिनिव्हा येथे संमत झालेल्या निर्वासितविषयक कराराने वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांवरून छळ होण्याची साधार भीती, ही कसोटी ठरवली. आश्रय देणारा आपल्याच रक्ताचा असावा लागत नाही, हे त्यातले नवे तत्त्व. भारताने या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी येथे स्वतंत्र कायदाही नाही. प्रत्येक जनसमूहाबाबतचा निर्णय आजही वेगवेगळा होतो.

२९/
१७९६ च्या गुलेस्तानला आजच्या कसोटीवर पारखले तर? धर्म हे कारण होते, समाजगट हे कारण होते, स्त्री असणे हेही कारण होते. भीती साधार होती. तरीही तिला वाचवणारी गोष्ट कसोटी नव्हती. बंदरावर अडवणारे कोणी नव्हते, आणि शहरात तिच्या वडिलांच्या शब्दावर विश्वास ठेवणारे लोक होते. त्या विश्वासातून ५८ वर्षांनी एक संस्था निघाली, तिने साक्ष गोळा केली, आणि त्या साक्षीने एका बादशहाला कर मागे घ्यायला लावला.

३०/
दादीशेठ आतश बेहरामात जरथुष्ट्रींखेरीज इतरांना प्रवेश नाही. बाहेरच्या गल्लीतून मात्र सारी मुंबई जाते. व्यंकटेशाचे भक्त, कापडाचे हमाल, शाळकरी मुले. आत १७८३ पासून अग्नी तेवतो आहे आणि कदमी कालगणनेने दिवस मोजले जातात. इराणातील बहुतेक जरथुष्ट्रींनी विसाव्या शतकात आपले पंचांग बदलले. यझ्दहून पळालेली माणसे जी तारीख सोबत घेऊन आली होती, ती आता फणसवाडीत जपली जाते. 🔚